माझी झकास बास्केट

मैदानावर टाकलेल्या फक्कीचा वास आला, की वर्ध्याकडच्या तळेगावचा तो ताडमाड पोरगा आठवतो. आणीबाणी उठली त्या वर्षी कॉलेजच्या बास्केटबॉल संघातली माझी जागा त्याने पटकावली, आणि वर्ध्याच्या फायनलला मी बाकावर जळत बसलो. मध्यंतरानंतर सरांनी मलाही उतरवलं. चेंडू हाती येताच तो मागून ओरडला, “भाऊ, कुठं पळून राह्यला? मले दे!” त्याला देतो होय? एकट्यानेच धावत जाऊन मी झकास बास्केट केली. टाळ्या पडल्या, पण विरुद्ध संघाच्या. मध्यंतरानंतर बाजू बदलतात, हेच मी जळता जळता विसरलो होतो! तो मोकळेपणी हसत म्हणाला, “नेम भारी हाये भाऊ. आता त्या बाजूले टाकजो.” सामना आम्ही हरलो. जागेचा हेवा पुढे विरला. त्या हसण्याचा मात्र आजही वाटतो.