अखाजीसाठी ट्रकमध्ये पंखा

लग्नाला वर्ष होत आलं होतं, आणि त्या वर्षात मी बायकोपेक्षा इंदूरच्या नाक्यावरच्या कारकुनाचं तोंड जास्त वेळा पाहिलं होतं. केळीचा ट्रक चालवणाऱ्याचा संसार असाच. घरी यायचं, झोपायचं, जाग येईतो पुढची गाडी भरलेली.

पहिल्या अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, तिला माहेरी न्यायला सोनगीरहून तिचा भाऊ मुराळी म्हणून येणार होता. मीच निरोप धाडला, येऊ नका, इंदूरची खेप आहेच, वाटेत सोडतो. पुढे महिनाभर ती तिकडेच राहणार. निदान जळगाव ते सोनगीर तरी ती माझ्या शेजारी बसेल, एवढाच माझा लोभ.

ती म्हणाली, "तुमना ट्रकमा? मी काय पापड शे का, भाजाले?"

खोटं नव्हतं. वैशाखात इंजिनाजवळ बसणं म्हणजे चुलीला पाठ लावून बसणं. मी म्हटलं, पंखा बसवतो.

टेबलफॅन घरात होता, पण त्याला घरची वीज लागणार. म्हणून जळगावात इन्व्हर्टर घ्यायला गेलो. दुकानदाराने विचारलं, "भाऊ, गाडीला बॅटऱ्या किती?"

"दोन."

"मग दोन्हींवर चालणारा लागेल. मागवावा लागतो. आठवडा तरी धरा."

अखाजी तोंडावर आलेली. फळीवर घरगुती वापराचा, एका बॅटरीवर चालणारा, निळ्या पत्र्याचा एक डबा होता. मी म्हटलं, हाच द्या, एकाच बॅटरीवरून वायर घेतो. टेपसाठी सगळे ड्रायव्हर घेतातच.

"टेप चिमणीएवढं खातो, हा बैल आहे. एक बॅटरी उपाशी, एक तुपाशी. असा संसार किती दिवस चालेल?"

मनात म्हटलं, माझा चाललाच आहे की.

डबा सीटखाली सरकवला, वायर बॅटरीच्या पेटीपर्यंत नेली, पंखा जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी समोर बांधला. बटण दाबलं आणि पंखा फिरला. ती नवी साडी नेसून चढली, तोंड वाऱ्यात धरून बसली आणि म्हणाली, "बरं शे." वर्षभरात माझी एवढी स्तुती झाली नव्हती.

एरंडोल गेलं, पारोळा गेलं. भर दुपारी तिचे डोळे मिटायला लागले. म्हाताऱ्या बॅटऱ्यांचा ड्रायव्हर गाडी नेहमी उतारावर लावतो, म्हणजे नाही लागली तर गडगडत सुरू करता येते. मला हे ठाऊक होतं. पण उतारावर ऊन होतं आणि सपाटीवर निंब. मी निंब निवडला. इंजिन बंद केलं, पंखा चालू ठेवला. ती झोपली. मी तिच्याकडे पाहत बसलो.

थोड्या वेळाने तो निळा डबा पीं पीं करायला लागला. तिची झोप मोडेल म्हणून मी पक्कड घेतली आणि पीं पीं करणारी वायरच तोडली. बॅटरी मरतेय हे सांगण्यासाठीच तो ओरडत होता, हे पंखा थांबला तेव्हा कळलं.

चावी फिरवली. टक्. पुन्हा टक्.

ती उठून बसली. "काय व्हयनं?"

"काही नाही. गरम झालीय."

"तिले बी पंखा लावा."

केळीने भरलेला ट्रक सपाटीवर कोण ढकलणार? हात केला तर कुणी थांबेना. सण होता, प्रत्येकाला घर गाठायचं होतं. माहेरी तिच्या मैत्रिणी संध्याकाळी अखाजीच्या झोक्यावर बसणार, आणि ही माझ्यासोबत निंबाखाली. तेवढ्यात धुळ्याची एसटी आली. मीच हात दाखवला. कंडक्टर ट्रककडे पाहून म्हणाला, "ताई, सासरची गाडी सोडून आमच्यात?" ती हसली आणि चढली.

एसटी वळणाआड गेली न गेली तोच एक ट्रकवाला थांबला. त्याने आपल्या बॅटरीवरून तारा जोडल्या आणि माझी गाडी शहाण्यासारखी सुरू झाली. तो आधी आला असता तर? हे मी अजून मनात म्हणतो.

पुढे एसटी काही गाठता आली नाही. सोनगीरच्या फाट्यावर मेहुणा उभा होता. मला एकट्याला पाहून म्हणाला, "बहीन कोठे शे?"

"एसटीने येतेय."

"मंग तुम्ही काय पोचाडाले उनात?"

पोचवायला आलो होतो, तो नुसता पंखा घेऊन. केळी तापत होती, तरी थांबलो. धुळ्याहून गाडी बदलून ती उतरली. भावाने पिशवी घेतली. गाडी बंद केली तर पुन्हा लागणार नाही, म्हणून मी इंजिन चालूच ठेवलं होतं. ती केबिनपाशी आली, वर पाहून काहीतरी म्हणाली. इंजिनाच्या घरघरीत मला ओठ तेवढे हललेले दिसले. मी मान डोलावली. भावासमोर "काय?" कसं विचारणार? ती गेली.

महिन्याने परत आल्यावर विचारलं. नंतरही कितीदा विचारलं. सुरुवातीला म्हणायची, "तुम्ही मान हालावी ना, मंग समजनंच व्हई." आता म्हणते, आठवत नाही.

आठवतं तिला.