आबांचं यान, माझा हात

जळगावातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी एकोणीस वर्षं लोकांचं रक्त काढते आहे. बाळाची दोऱ्याएवढी शीर असो की औषधांनी दडून बसलेली म्हाताऱ्या माणसाची, मी सहसा दुसऱ्यांदा सुई टोचत नाही. पेशंट नाव विसरतात, पण "त्या हलक्या हाताच्या ताई आहेत का?" असं विचारत येतात. याचा मला थोडा गर्व आहे, हे आधीच सांगून टाकते. पुढे जे झालं त्यात तो गर्वही होता.

खेळाकडेही मी हातामुळेच आले. आमच्याकडचा एक्स-रे काढणारा सहकारी एके दिवशी डब्यात कापूस घालून प्लॅस्टिकचं एक विमान घेऊन आला. विमान नव्हे, अंतराळयान. जेमतेम अंगठ्याएवढं. "ताई, एवढं रंगवून द्या ना. माझा रंग रेषेच्या बाहेर जातो." मी शून्य नंबरचा ब्रश आणला आणि जेवणाच्या सुट्टीत ते रंगवलं. मग दुसरं, मग तिसरं. सहावं रंगवून झाल्यावर म्हटलं, एवढी नटवून पाठवते, ती जाऊन करतात काय ते तरी बघू. रविवारी सायकलच्या दुकानावरच्या एका खोलीत सात-आठ जण जमायचे. तिथे गेले आणि अडकलेच.

खेळ सांगायला सोपा आहे. काळ्या कापडावर दोघांची तीन-तीन यानं समोरासमोर. प्रत्येक यानासाठी एक तबकडी असते. या डावात किती लांब जायचं, कुठे वळायचं, ते तबकडीवर लावायचं आणि ती पालथी ठेवायची. समोरचाही तेच करतो. मग दोघांनी एकदम उलटायच्या. लावलेली चाल बदलता येत नाही. चालीप्रमाणे सरळ किंवा वाकडी पट्टी यानाखालच्या चौकोनी पायाला लावायची आणि यान उचलून पट्टीच्या दुसऱ्या टोकाला ठेवायचं. पायाच्या चौकोनावर दोन रेषा असतात. त्यांच्यामध्ये शत्रूचं यान सापडलं तर गोळी झाडता येते, म्हणजे फासे टाकायचे. रेषेच्या बाहेर असेल तर हात चोळत बसायचं. समोरच्याच्या मनात काय चाललंय ते ओळखणं, एवढाच काय तो खेळ. मला तो आवडला, कारण घरी आणि लॅबमध्ये माझ्या मनात काय चाललंय हे ओळखायचा प्रयत्न कुणी फारसा करत नव्हतं.

त्या हिवाळ्यात धुळ्याला स्पर्धा ठरली. सहकारी आणि मी सकाळच्या एस.टी.ने निघालो. मांडीवर यानांचा डबा घट्ट धरून बसले होते. शेजारच्या बाईंनी विचारलं, "लाडू का?" मी हो म्हणाले. अंतराळयानं आहेत असं कोण सांगत बसणार.

एका कोचिंग क्लासच्या हॉलमध्ये आठ टेबलं मांडली होती. सोळा स्पर्धक, चार फेऱ्या. बायका दोनच, मी आणि धुळ्यातल्या एका शाळेत शिकवणाऱ्या एक मॅडम. पहिली फेरी मी हरले, दुसरी जिंकले. जेवणानंतर तिसऱ्या फेरीची नावं लागली. टेबल शोधत होते, तेवढ्यात त्या मॅडम माझ्याकडे आल्या.

"ताई, तुमची मॅच माझ्या सासऱ्यांशी आहे. एक विनंती होती. आबांचे हात थरथरतात. यान ठेवता येत नाही त्यांना. त्यांचं यान तुम्हीच हलवाल का? मी हलवलं असतं, पण माझी मॅच तिकडे कोपऱ्यात आहे."

"हलवीन की."

"आधीच्या दोघांनीही हलवलं. पंचांना सांगितलंय."

आबा खुर्चीत ताठ बसले होते. पांढरा सदरा, पांढरं धोतर, डोक्यावर टोपी, आणि मांडीवर दोन्ही हात एकमेकांत गुंतवलेले. तरी अंगठे हलत होते. वय पंचाहत्तरच्या पुढे असावं. एस.टी.त ड्रायव्हर होते, सोनगीरला राहायचे. हात असे झाल्यावर घराबाहेर पडणं बंद केलं होतं. सुनेने हा खेळ घरी आणला तेव्हा ते आधी नुसते बघत बसायचे. मग एक दिवस, तू इकडे वळशील आणि मरशील, असं त्यांनी तिला सांगितलं आणि ते खरं ठरलं. तेव्हापासून खेळत होते.

"हात गया बेटा," ते मला म्हणाले, "डोकं शे अजून. तू फक्त मी सांगस तठे ठेव."

माझं माहेर मुक्ताईनगरकडचं. आमची बोली वेगळी, पण अहिराणी कानाला परकी नाही. मी हसले आणि बसले.

तबकडी ते स्वतःच फिरवायचे, टेबलाखाली, मांडीवर दाबून धरून. वेळ लागायचा. मग ती हाताच्या कडेने टेबलावर सरकवायचे. उलटल्यावर मी आधी माझं यान हलवायची, नंतर त्यांचं. दुसऱ्याच्या मनातली चाल आपल्या हाताने पुरी करायची, हे सुरुवातीला चमत्कारिक वाटलं. पट्टी लावायची, यान उचलायचं, ते नेमकं माझ्याच यानाच्या पाठीमागे आणून ठेवायचं आणि मग म्हणायचं, "घ्या आबा, टाका फासे." फासे ते वाटीत घालून हलवायचे. "हे काम मना हातले बरोबर जमस," म्हणायचे आणि स्वतःच खुसखुसायचे.

खेळायचे मात्र भारी. यान वळवताना त्याची शेपूट कुठे जाणार, हे त्यांना आधी दिसायचं. माझं एक यान त्यांनी कापडावर अडथळा म्हणून मांडलेल्या दोन उल्कांच्या मधोमध असं कोंडलं की मी पट्टी लावून दमले, निघायला वाटच नाही. तासाभराने त्यांचं एक यान उरलं होतं आणि माझंही एक. दोघांनाही एकेकच फटका पुरेसा. पंचांनी सांगितलं, "शेवटचा डाव."

नियमाने गोळी आधी झाडायचा मान त्यांच्या यानाचा होता. म्हणजे मी त्यांच्या दोन रेषांमध्ये सापडले तर बहुतेक संपले. नाही सापडले तर गोळी माझी, आणि ते संपले.

तबकड्या उलटल्या. मी सरळ, जोरात जायचं लावलं होतं. त्यांनी डावीकडे लहान वळण लावलं होतं. त्यांनी माझी चाल ओळखली होती, बहुतेक.

मी माझं यान हलवलं. मग वाकडी पट्टी घेऊन त्यांच्या यानाला लावली. ते उचलून दुसऱ्या टोकाला ठेवताना मला आधीच दिसत होतं की गोष्ट केसाच्या अंतरावर येणार. पट्टी आणि यानाचा पाया एकमेकांत बसतात, पण अगदी घट्ट नाही. थोडी मोकळीक राहते. खेळणाऱ्या सगळ्यांना ती माहीत असते. यान ठेवलं, पट्टी काढली. आणि पट्टी काढताना बोटाला काहीतरी जाणवलं. यान हललं. किती, कुठल्या बाजूला, ते सांगता येणार नाही. शिरेतून सुई निघताना जेवढं जाणवतं तेवढंच.

पंचांनी वाकून मोजपट्टी रेषेवर धरली. "बाहेर आहे. जेमतेम, पण बाहेर."

आबांनी मान डोलावली. मी फासे टाकले. त्यांचं यान गेलं. त्यांनी थरथरते हात जोडले, मीही जोडले. निकालाच्या कागदावर मी सही केली आणि त्यांनी अंगठ्याने कागद दाबून धरत कशीबशी केली. यान हलल्याचं मी पंचांना सांगितलं नाही.

चहाची सुट्टी होती. सहकारी येऊन म्हणाला, "ताई, मस्त! आता चौथी जिंकलात तर वरच्या पाचात." मी कप घेतला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. लॅबमध्ये एखाद्या नमुन्याबद्दल शंका आली तर मी रिपोर्ट देत नाही, पेशंटला पुन्हा बोलावते. तो शिव्या घालतो, तरी बोलावते. इथे मला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. यान माझ्या बाजूने हललं असेल किंवा त्यांच्या. आपोआप हललं असेल. पण ते ठेवताना माझं यान त्याच्या रेषेबाहेर पडावं असं मला वाटत होतं, एवढं नक्की होतं. आणि एकोणीस वर्षांत माझा हात माझ्या मनाविरुद्ध गेल्याचं मला आठवत नव्हतं.

चहा तसाच ठेवून मी आबांकडे गेले. सून शेजारी बसून त्यांना बशीने चहा पाजत होती.

"आबा, शेवटच्या डावात तुमचं यान ठेवताना हललं माझ्याकडून. कदाचित तुम्ही जिंकला असता. पंचांना सांगून निकाल बदलू या."

त्यांनी बशी बाजूला केली. "माले दिसनं व्हतं."

"मग बोलला का नाहीत?"

"गाडी मागे घेताना," ते म्हणाले, आणि आता मुद्दाम सावकाश, मला कळेल अशा मराठीत बोलू लागले, "कंडक्टर मागे उभा राहून पत्रा ठोकतो. येऊ द्या, येऊ द्या. मला मागचं काही दिसत नाही. तो ठोकतो तोवर मी जातो. कंडक्टर बठ्ठ्या टाइमले, सगळ्या टाइमले बरोबर राहस असं नही. दोनदा भिंतीला लागली माझी गाडी. पण दर वेळी उतरून बघत बसलो तर स्टँडमधून निघणार कधी?"

"पण आबा, ते वेगळं. कंडक्टरला गाडी भिंतीला लागावी असं वाटत नसतं. मला जिंकायचं होतं."

त्यांचा चेहरा एकदम बदलला. "हात हलतात म्हणून मला जिंकवायला आलीस का? घरात बठ्ठा तेच करतस. मुद्दाम हरतस. माले दया नको."

सून म्हणाली, "आबा, त्या तसं म्हणत नाहीत."

माझे डोळे भरून आले. रागाने की लाजेने, कळलं नाही. "दया नाही आबा. मला खरंच माहीत नाही मी काय केलं. माहीत असतं तर एवढं लागलं नसतं."

आबा उठले. "चल. पुन्हा मांड. या वेळी मी ठेवतो."

आम्ही टेबलाशी गेलो. काळं कापड तसंच होतं. मी आणि पंचांनी मिळून दोन्ही यानं चालीच्या आधीच्या जागेवर मांडली, आणि माझं यान मी पुन्हा तसंच सरळ पुढे नेलं. पंच म्हणाले, कागदावरचा निकाल आता बदलणार नाही, दोघांच्या सह्या झाल्यात. आबा म्हणाले, कागद असू द्या तुमच्याकडे.

त्यांनी पट्टी उचलली. ती हातातून निसटून यानावर पडली. मी यान पुन्हा उभं केलं. दुसऱ्या वेळी पट्टी लागली, पण यान उचलताना उलटलं. सून पुढे झाली तर त्यांनी नुसतं तिच्याकडे पाहिलं आणि ती थांबली. चार-पाच जण आजूबाजूला जमले होते. तिसऱ्या वेळी त्यांनी कोपर टेबलावर रोवलं, एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट धरलं, श्वास रोखला आणि यान पट्टीच्या टोकाला टेकवलं. हात काढून घेतला. यान उभं राहिलं.

पंचांनी मोजपट्टी धरली. "आत आहे."

आबांनी वाटी हलवली. तीन फाशांपैकी दोन लागले. माझं यान मी स्वतःच उचलून बाजूला ठेवलं. कुणीतरी टाळी वाजवली. आबा घामाने भिजले होते.

"कागदावर तू," ते म्हणाले, "टेबलावर मी." आणि मग हळूच, फक्त मला ऐकू येईल असं, "हाई बी काय खरं शे? मना हातबी हलना." त्यांचाही हात हलला होता. खरी जागा कुठली होती ते आता कुणालाच कळणार नव्हतं.

चौथी फेरी मी लवकर हरले. परतीच्या गाडीत सहकारी म्हणाला, "तुम्ही गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं? खेळ आहे शेवटी." पारोळा मागे पडेपर्यंत मी विचार करत होते. वाटलं होतं, सांगून टाकलं की मन मोकळं होईल. तसं झालं नव्हतं. मी दोषी होते की नव्हते, हे मला त्या दिवशीही कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही. फक्त माझा हात माझाच आहे, तो मला नको ते करणार नाही, ही खात्री थोडी कमी झाली. त्याने माझं काही नुकसान झालं असं वाटत नाही. आता सुई टोचण्याआधी क्षणभर थांबते, आणि चुकलं तर पेशंटला सॉरी म्हणते. पूर्वी त्याच्या शिरेला नावं ठेवायची.

पुढच्या स्पर्धेला आबा आले नाहीत. सुनेचा फोन आला, तब्येत उतरली आहे, पण तुमची आठवण काढतात. मी एका रविवारी सोनगीरला गेले. तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या दुकानांमागच्या गल्लीत त्यांचं घर. ओट्यावर खाट टाकून त्यांना बसवलं होतं. तबकडीही आता फिरवता येत नव्हती. चाल ते सुनेच्या कानात सांगायचे आणि ती लावून द्यायची. त्यांचं यान अजून मीच हलवत होते.

त्या दिवशी त्यांनी मला सरळ दोन मॅचमध्ये हरवलं. तिसऱ्या मॅचमध्ये मी पट्टी लावली, यान ठेवलं, आणि पट्टी काढण्याआधी सवयीने त्यांच्याकडे पाहिलं.

"काय बघतेस?" ते म्हणाले. "काढ ना. भाकरी थंड व्हई राहिनी."

मी पट्टी काढली.