पहिलं रीळ

आमचे ऑपरेटर चाचा भुताच्या सिनेमात भूत आलं की पडद्याकडे पाठ करून चहा प्यायला बसत. घाबरत म्हणून नव्हे. "आता काय बघायचं? आलं की ते," म्हणत. त्यांचा सगळा जीव पहिल्या रिळात. नवी पेठेमागच्या टॉकीजमध्ये मी त्यांचा असिस्टंट होतो. ती टॉकीज पाडली, चाचाही गेले, आणि मला हल्ली कुठलाच सिनेमा शेवटपर्यंत बघवत नाही. दुसऱ्याच मिनिटाला भूत अंगावर येतं, कंटाळा येतो.

भुताचा सिनेमा लागला की खेळाआधी चाचा डोअरकीपरला निरोप धाडत, पंखे बंद! सोलापूरचा एप्रिल, वर पत्रे. पब्लिक शिट्ट्या मारी, मालकाच्या नावानं शंख करी. पण पंख्यांची खडखड थांबली की लोक हळूहळू आपसूक गप्प होत, आणि मग पडद्यावर साधी कडी वाजली तरी बाल्कनीपर्यंत ऐकू येई. "घाबरवायचं मागनं बघू. आधी त्यांना कान लावून बसू दे की," हे चाचांचं सांगणं. माझं शिक्षण म्हणाल तर तेवढंच.

एका सिनेमाच्या सुरुवातीला सात-आठ मिनिटं एक म्हातारी नुसती रहाटानं पाणी ओढते. संगीत नाही, बोलणं नाही. रहाट कुरकुरतो, घागर वर येते, ती ओतते, पुन्हा खाली सोडते. चाचा अक्कलकोटला पुतणीच्या लग्नाला गेले होते. तेवढ्यात मॅनेजर केबिनमध्ये आले. "खेळ लांबतोय. विहीर बघायला येत्यात का लोकं? काप ते."

"चाचांना इचारू की," मी म्हणालो, पण तेवढंच. नोकरी नवी होती. कात्री मीच चालवली, टोकंही मीच जोडली.

चाचा परतले आणि मॅटिनीला केबिनच्या झरोक्याशी उभे राहिले. मध्यंतरानंतर रिकाम्या परसात तोच रहाट आपोआप फिरू लागतो. आदल्या आठवड्यात तिथं बायका किंचाळल्या होत्या. त्या दिवशी सगळं थेटर हसलं. हसणारच, तो आवाज त्यांनी आधी ऐकलाच नव्हता. चाचांनी पहिलं रीळ उलटं फिरवून त्यावर बोट फिरवलं आणि एका जागी थांबले.

"जोड तुझा हाय," ते म्हणाले. "सफाईदार हाय."

कापलेला तुकडा मी खोक्यात ठेवला होता. तो त्यांनी परत जोडला, मॅनेजरशी भांडण स्वतःच्या अंगावर घेतलं, आणि त्या दिवसापासून पहिलं रीळ मला कधी मशीनवर चढवू दिलं नाही. दुसरं लाव, तिसरं लाव, शेवटचं लाव. पहिलं ते स्वतः लावायचे. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. आज पहिलं लाव म्हणतील, उद्या म्हणतील, म्हणून मी वर्षानुवर्षं वाट बघितली. मग रिळंच बंद झाली.

गेल्या उन्हाळ्यात सात रस्ता चौकाजवळ त्यांच्या मुलीच्या घरी गेलो. चाचांची दृष्टी पार गेली होती. तोच सिनेमा मला मोबाइलवर सापडला होता. सुरू केला, तर कोपऱ्यात बटण आलं, सुरुवात वगळा. आता मॅनेजरचीही गरज नाही. कात्री ज्याच्या त्याच्या बोटात. मी घाईनं सिनेमा थांबवला आणि त्यांना त्या बटणाचं सांगितलं. ते नुसते हुं म्हणाले.

"चाचा, त्या टायमाला मी कापायला नको होतं."

"व्हय. नको होतं."

आतून त्यांच्या मुलीनं चहाला हाक मारली, ती तशीच राहिली. मला वाटलं, झालं, आता उठावं.

"पहिल्यापासनं हाय का त्यात?" त्यांनी विचारलं.

"हाय की. सगळं हाय."

"मग लाव. तूच लाव."

मी बोट पुढं नेलं, तेवढ्यात चाचांनी हात वर केला.

"थांब. आधी पंखा बंद कर की."

मी उठून पंखा बंद केला, घामेजलेला हात सदऱ्याला पुसला आणि पहिलं रीळ लावलं. रहाट कुरकुरला. चाचा कान लावून बसले.