खरवडलेला शेंदूर

मला डोंगर आवडत नाहीत. गडावर जाऊन आलेली माणसं दरीची आणि वाऱ्याची वर्णनं करू लागली की मला उठून जावंसं वाटतं. मी आयुष्यात एकदाच गड चढलो, लढाईच्या दिवसांत, आणि तोही पोटासाठी.

राजूरच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी एका वाडीवर मी शाळामास्तर होतो. वस्ती महादेव कोळ्यांची, शाळा म्हणजे मारुतीच्या देवळाची ओसरी, आणि पाऊस असा की चार महिने धोतर वाळत नसे. माझं घर राहात्याला. तिथे बायको बाळंतपणानंतर अंथरुणाला खिळलेली, आणि मी इथे करवंदीच्या जाळीत अडकलेला. बदलीचे तीन अर्ज केले होते, एकाचंही उत्तर नव्हतं. त्यामुळे मला त्या वाडीचा, धुक्याचा, नाचणीच्या भाकरीचा, सगळ्याचाच संताप येई. तो मी लपवतही नसे.

मार्गशीर्षात दिपोटी साहेबांचं पत्र आलं. दिपोटी म्हणजे शाळा तपासणारे साहेब. त्यांना जुन्या लेखांचा नाद होता. गडावरच्या पडक्या देवळाच्या भिंतीत काही अक्षरं कोरलेली आहेत, त्यांचा कागदावर ठसा घ्यायचा आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. शेवटी एक ओळ होती, ‘बदलीचे तेथेच बोलू.’ तेवढी ओळ मला त्या रात्री पाठ झाली.

गडावरच्या देवाची दिवाबत्ती एक म्हातारा करी. वाडीत तंटा झाला की देवापुढचा बेल उचलून तो सांगेल ते खरं, अशी तिथली रीत. म्हाताऱ्याच्या शब्दावर बांध सरकत आणि सोयरिकी मोडत. मी त्याला बोलावून म्हटलं, “बाबा, साहेब त्या अक्षरांसाठी येताहेत. भिंत नीट करून ठेव. अक्षरं उठून दिसली पाहिजेत.”

“शेंदूर लावू का, गुर्जी? देवाच्याच भितीवरची हाईत.”

मी हजेरीपट भरत होतो. “लाव काय लावायचं ते,” म्हणालो. मान वर केली नाही.

साहेब आले ते बूट आणि गुडघ्यापर्यंत मोजे चढवून. चढ दीड-दोन तासांचा. पुढे म्हातारा, कमरेला कोयता लटकवलेला. त्याच्यामागे साहेब, मागे साहेबांची छत्री, कागदाची सुरळी आणि फराळाचा डबा घेऊन मी. पाणी वाहायला वाडीतले दोन गडी. साहेब सारखे माझ्यावर डाफरत होते. ओसरीला शेणाचा वास येतो, माझं अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आहे, मास्तर असून मी धापा टाकतो. मी प्रत्येक वेळी ‘होय साहेब’ म्हणत होतो, आणि मनात त्यांना पहिल्या कड्यावरून ढकलत होतो.

अर्ध्या वाटेवर दगडांची एक रास लागली. वर जाणाऱ्याने तिच्यावर झाडाची एक डहाळी टाकायची असते. साहेब रास ओलांडून पुढे गेले. ते बघतील म्हणून मीही डहाळी टाकली नाही. म्हाताऱ्याने तीन टाकल्या.

“तुमची दोगांची बी टाकली,” तो म्हणाला. मला त्याचाही राग आला.

वर पोहोचलो. देवळाचं शिखर कोसळलेलं, सभामंडपात गवत वाढलेलं. आणि उजव्या हाताची सगळी भिंत, जोत्यापासून माणसाच्या उंचीपर्यंत, शेंदराने लालभडक. बोटभर जाड थर, वर झेंडूच्या माळा. अक्षर एक दिसेल तर शपथ.

म्हातारा हात जोडून उभा होता. “औंदा खुरासणीचं पीक बुडालंया साहेब, तरी घरटी पळी-पळी तेल गोळा केलं. गुर्जींनी सांगितलं म्हटल्यावर कुनी न्हाई म्हनलं न्हाई.”

साहेबांचा चेहरा भिंतीच्या रंगाचा झाला. ते माझ्याकडे वळले. “मास्तर, हे तुम्ही सांगितलं?”

दोन गडी बघत होते. म्हातारा बघत होता. मला राहात्याची खाट दिसत होती.

“नाही साहेब,” मी म्हणालो. “मी फक्त झाडून घे म्हटलं होतं. हा स्वतःच्या मनाचं सांगतो आहे.”

म्हाताऱ्याने त्या दोन गड्यांकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघू लागले.

“खरवड हे,” साहेब त्याला म्हणाले.

“द्येवाच्या अंगावरचं म्या काढनार न्हाई.”

“मग मास्तर काढतील.”

मी म्हाताऱ्याच्या कमरेचा कोयता ओढून घेतला. त्याने घेऊ दिला. तासभर खरवडत होतो. शेंदराची ढेकळं पायांवर पडत होती, तेल कोपरापर्यंत ओघळत होतं. घाईत कोयता दोनदा दगडात घुसला आणि अक्षरांचे कोपरे उडाले. साहेबांनी उरलेल्यांचा ठसा घेतला, फराळ केला, आणि उतरताना म्हणाले, “तुमचं काम होईल.”

झालं. महिन्यात हुकूम आला. पण गड्यांनी वरचं बोलणं खाली सांगितलं होतं, आणि त्या महिन्यात वाडीने म्हाताऱ्याला सोडलं नाही. आमचं तेल कुणाच्या नावावर नेलंस, म्हणून बायका त्याला वाटेत अडवीत. पुढे एका बांधाचा तंटा निघाला, तेव्हा बेल उचलायला त्याला कुणी बोलावलं नाही, सरळ पोलीस पाटलाकडे गेले. मी हे ओसरीवरून बघत होतो. मला त्याची दया यायला हवी होती. त्याऐवजी तो दिसला की माझं डोकं भडके. ज्याचं आपण वाटोळं केलं तो माणूस डोळ्यांपुढे नकोसा होतो, हे मला तिथे कळलं.

निघायच्या दिवशी माझी ट्रंक राजूरपर्यंत न्यायला कुणी येईना. शेवटी म्हाताराच आला. ट्रंक डोक्यावर घेतली आणि पुढे चालू लागला. राजूरला मोटार उभी होती. त्याने ट्रंक खाली ठेवली, मुंडाशाने तोंड पुसलं.

“गुर्जी, हितं साहेब न्हाई. वाडीचं बी कुनी न्हाई. एकदा म्हना, म्हातारा खोटं बोलला न्हवता. माज्यापुरतं म्हना.”

ड्रायव्हरने भोंगा वाजवला. मोटार सुटायला अजून वेळ होता. मला ते दोन शब्द बोलता आले असते.

“ट्रंक टपावर नीट बांध,” मी म्हणालो, आणि आत जाऊन बसलो.

त्याने नीट बांधली. संगमनेरपर्यंत ती एकदाही हलली नाही.