पोटरीच्या थोडं आधी

शिंपी माणूस म्हणून कसा होता, असं कुणी विचारलं असतं तर पंप दुरुस्त करणाऱ्याला धड सांगता आलं नसतं. दोघं साडू. वीस वर्षं एकाच सासूच्या घरी शेजारी शेजारी जेवले. पण त्याला ठाऊक होतं ते एवढंच, की माणूस ठोंब्या आहे आणि ते त्याच्या गावीही नाही.

सासऱ्यांच्या मागे भाताचं खाचर शिंप्याकडे आलं. गिऱ्हाइकाच्या पाठीकडे बघावं तसा तो पिकाकडे बघायचा. खत मात्र सढळ हाताने. दोन वर्षं भात कमरेच्या वर गेलं आणि वाऱ्यासरशी आडवं झालं.

"जावईबापू, यंदा लोळलं तर शेत दुसऱ्याला कसायला देणार," सासूने सगळ्यांसमोर सुनावलं.

मग शिंप्याने भाताची उंची रोखणारं औषध आणलं आणि फवारणीचा पंप घेऊन साडूकडे आला.

"कागदावर लिहिलंय, पोटरीच्या थोडं आधी फवारा. उद्याच उरकतो. मापून आलोय, चार बोटं कमी आहे." त्याने विजार वर करून स्वतःची काडीसारखी पोटरी दाखवली.

भाताची पोटरी म्हणजे कणीस पोटात धरून फुगलेलं ताट. एक हंगाम काढलेल्या कुणालाही हे कळतं. याला ती आपल्या पायात सापडली. खऱ्या पोटरीला अजून दीड महिना होता. पंपवाल्याने हसू गिळलं, वायसर बदलला आणि "छान" म्हणाला. संध्याकाळपर्यंत त्याने ही गंमत चौघांना सांगितली. शिंप्याला नाही.

पंधरा दिवस भात खुजं राहिलं. शिंपी छाती काढून फिरला, शेजाऱ्यांना अक्कल शिकवू लागला. मग औषधाचा जोर ओसरला, खताचा चढला, आणि लोंब्या भरल्यावर एका वादळी दुपारी अख्खं खाचर जमिनीला चिकटलं. हार्वेस्टरवाला बांधावरूनच परत गेला. सासू बोलल्याप्रमाणे वागली.

शिंपी एकटाच चिखलात वाकून कापत होता, विळासुद्धा कात्रीसारखा धरून. पंपवाला बांधावर थांबला. आता तरी पोटरीचं सांगावं, असं मनात आलं. पुढे हिवाळ्यात शिंपी तापाने गेला. दोघांचं शेवटचं बोलणं झालं ते त्या दिवशीचंच.

"विळा बोथट दिसतोय, साडूभाऊ."

"चालतंय."

"घरी दुसरा आहे. आणू का?"

"नको. होत आलंय."