नवमीचं पान

युद्धात गेलेल्यांच्या याद्या चाळायचा मला नाद आहे, हे किहीमच्या बाजारात मासळी विकणाऱ्या त्या मावशीने कुठून तरी ऐकलं होतं. पहिल्या महायुद्धात खलाशी म्हणून गेलेला तिचा पणजोबा परतलाच नव्हता; त्याचं नाव शोधून द्या, म्हणाली.

तासाभराने यादीत नाव सापडलं. गावही जुळलं. वाचता येत नव्हतं, तरी पदराला हात पुसून तिने मोबाइलच्या पडद्यावरच्या नावाखाली बोट धरलं.

"पनजी मरंपर्यंत कुंकू लावून व्हती, मास्तर. सवाष्ण गेली म्हनून तिचं पान आमी अविधवा नवमीला वाढतो."

यादीतल्या तारखेप्रमाणे तो पणजीच्या कितीतरी आधी बुडाला होता. मी तसं सांगितलं आणि विचारलं, "मग आता?"

"त्याची तिथी लिहून द्या, त्याचंबी पान वाढू. पन पनजीला ह्ये कोन सांगनार? तिचं नवमीलाच ऱ्हाऊ दे."