आईबद्दल थोडं बोलायचं होतं

परवा आमच्या व्यापारी मंडळाच्या बैठकीत एका टापटीप माणसाने जाहिरातीचं ईमेल कसं लिहावं यावर तासभर शिकवलं. आतला मजकूर नंतर, म्हणाला. वरची विषयाची ओळ अशी हवी की माणसाला उघडल्याशिवाय राहवणार नाही. समोरचे सगळे माना डोलावत वहीत उतरवून घेत होते. मी मध्येच उठून बाहेर आले. लोकांना वाटलं, बाईंना चहा हवा असेल.

ती ओळ काय करते ते मला ठाऊक आहे.

मी वऱ्हाडातून लग्न होऊन पुण्यात आले आणि बिबवेवाडीत दोन खोल्यांत चकल्या तळायला बसले. माझ्या तोंडून ‘करून राहिले’ निघालं की इथलं गिऱ्हाईक ओठ मुडपून हसायचं आणि लगेच भाव पाडायला लागायचं. मी कधी पाडू दिला नाही. तेलवाला, खोकेवाला, कुरिअरवाला, सगळे माझ्याशी भावाचं बोलताना आधी पाणी मागायचे. पुढे घरोघरची मुलं कंप्युटर शिकून अमेरिकेला जायला लागली आणि त्यांच्या आया दिवाळीचा फराळ तिकडे पाठवायला लागल्या. हा धंदा मोठा होणार हे मी इतरांच्या आधी ओळखलं, याचा अभिमान मला आजही आहे.

माझ्याकडे एक रीत होती. खोकं बंद करण्याआधी आईवडिलांनी आपली एखादी वस्तू आणून द्यायची. मी ती फराळाच्या मधोमध ठेवायची. कुणी हाताने वळलेल्या वाती आणायचं, कुणी उटणं. अर्जावर मुलाचा ईमेल पत्ता घ्यायचे, तो फक्त खोक्याची शेवटची तारीख आणि खोकं निघालं, पोचलं हे कळवायला. माझ्या दुकानाचं ईमेल आलं म्हणजे घरच्या खोक्याची खबर आहे, एवढंच तिकडच्या मुलांना माहीत होतं.

विश्रांतवाडीच्या एक काकू पहिल्या वर्षापासून यायच्या. एकट्या राहायच्या, सत्तरी कधीच ओलांडलेली. पहिल्याच वर्षी माझी चकली मोडून, हुंगून म्हणाल्या होत्या, “भाजणी तुम्ही भाजता, की विस्तवाला नुसती दाखवून आणता?” मला राग आला. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः भट्टीपाशी उभं राहून धान्य कोणतं किती भाजायचं ते शिकवलं. माझी चकली पुण्यात चालली ती त्या दिवसानंतर.

त्यांची मुलगी कॅलिफोर्नियात. ती आईला तिकडे न्यायला टपलेली होती, आणि काकूंना आपलं घर सोडायचं नव्हतं. दोघींमध्ये एक ठराव झाला होता, तो काकूंनीच मला सांगितला. रोज सकाळी मुलीने फोन करायचा, आईने उचलायचा. जोवर उचलते आहे तोवर विश्रांतवाडी. एकदा चुकला की विमान. “हजेरी घेते माझी,” काकू म्हणायच्या. “नाव पटावरून जाऊ द्यायचं नाहीये मला.”

त्या सुमारास फराळाची आणखी चार दुकानं निघाली. कुणीतरी सुचवलं म्हणून मी बाणेरच्या एका ईमेलवाल्याकडे गेले. काचेचं ऑफिस, तिशीचा माणूस, प्रत्येक वाक्याला ‘मॅडम’. माझी आधीची ओळ त्याने वाचली: ‘दिवाळी फराळ, अमेरिकेची खोकी बंद होण्याची तारीख’. वाचून तो असा हसला की मला ते ओठ मुडपणारं गिऱ्हाईक आठवलं. त्याने महिन्याचा आकडा सांगितला. मी म्हटलं, महिन्याबिहिन्याचं जमणार नाही. ईमेल जेवढ्या वेळा उघडलं जाईल तेवढ्याचे पैसे, न उघडलेल्याचा एक रुपया नाही. तो लगेच कबूल झाला. आयुष्यभर घासाघीस केलेल्या बाईला तिथेच शंका यायला हवी होती. मी मात्र अर्जांवरचे सगळे ईमेल पत्ते त्याच्या हवाली करून खुशीत घरी आले, जिंकले म्हणून.

त्याने पहिली ओळ टाकली, ‘तुमच्या पार्सलबद्दल’. पार्सल अजून कुणी दिलेलंच नव्हतं. लोक घाबरून फोन करायला लागले, आणि फोनवर आहेत तर ऑर्डरही द्यायला लागले. मी त्याला शिव्या घातल्या आणि ऑर्डरी लिहून घेतल्या. दोन्ही केलं, ते इथे लपवत नाही.

पंधरा दिवसांनी त्याने फोनवर पुढची ओळ वाचून दाखवली. मी कढईसमोर उभी होते. ‘आईबद्दल थोडं बोलायचं होतं’. मी विचारलं, यात खोटं काय आहे? तो म्हणाला, “काहीच नाही मॅडम. आत आईच्या हातच्या चवीबद्दलच लिहिलंय.” मला ते कसंतरीच वाटलं. पण घाणा करपत होता, मी म्हटलं, पाठवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू खोक्यात ठेवायला मेतकुटाचा डबा घेऊन दुकानात आल्या. रिक्षा लवकर मिळाली म्हणून लवकर निघाल्या होत्या, मुलीच्या फोनच्या वेळेआधी घरी पोचायचा त्यांचा हिशेब होता. मोबाइल घरीच होता. बाहेर नेला तर हरवेल, म्हणून त्या तो कपाटात ठेवायच्या. मी त्यांना स्टूल दिलं, ताजी चकली दिली. त्यांनी ती हुंगली, काही बोलल्या नाहीत, म्हणजे पास.

तेवढ्यात दुकानाचा फोन वाजला. कॅलिफोर्नियातून मुलगी. आवाज इतका शांत की मी हाताने दुकानातल्या बायकांना गप्प केलं.

“आईचं काय झालं ते सरळ सांगा. मी बसून ऐकतेय.”

मी म्हटलं, काही झालेलं नाही, त्या माझ्यासमोर चकली खातायत. मग तिने सांगितलं. झोपण्याआधी तिने माझं ईमेल पाहिलं होतं. आत वाचण्याआधीच घरी फोन लावला, कुणी उचलला नाही. मोबाइल लावला, वाजत राहिला. शेजाऱ्यांना फोन करून दाराशी पाठवलं. दाराला लॅच, बाहेरून कुलूप दिसेना; आत मोबाइल वाजतोय हे त्यांनी ऐकलं आणि दार फोडलं, तर घरात कुणी नाही.

मी फोन काकूंना दिला. त्या म्हणाल्या, “मेतकूट द्यायला आले होते.” नंतर नुसतं ऐकत होत्या. तीनदा ‘बरं’ म्हणाल्या आणि फोन माझ्या हातात न देता खाली ठेवला.

मी त्यांना गाडीत घालून घरी नेलं, वाटेत सुतार उचलला. लॅच उखडून चौकट उभी चिरली होती. आत चपलांचे ठसे देवघरापर्यंत गेले होते. काकूंनी आधी फडकं घेतलं आणि ते पुसायला बसल्या. मी पुसते म्हटलं तर म्हणाल्या, “तुम्ही सुताराकडे बघा.”

कपाटातला मोबाइल पुन्हा वाजला. या वेळी मी उचलला. मुलीला म्हटलं, चूक माझी, शिक्षा त्यांना कशाला? मी बोलणी सुरू केली. एक वर्ष द्या. नाही. सहा महिने द्या. रोज सकाळी माझी बाई इथे येईल, स्वतः बघून तुम्हाला फोन करेल, मोबाइल मी त्यांच्या गळ्यात बांधते. मी इतकं कुणासाठी कधी भांडले नव्हते.

ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, “ताई, उद्या तुम्ही कळवाल की आई ठीक आहे. ते खरं आहे हे मी कशावरून ओळखायचं?”

तेल, खोकी, भाडं, सगळे सौदे मी नुसत्या शब्दावर केले होते. तोच आता कुणी घेत नव्हतं. काकू फडकं पिळत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “राहू द्या. पटावरून नाव गेलं.”

तुळशीच्या लग्नानंतर त्या गेल्या. मी बसवलेल्या नव्या कडीला मोठं कुलूप लागलं.

मी बाणेरला गेले ते त्या माणसाची काच फोडायच्या तयारीने. तो उठून उभा राहिला, मला खुर्ची दिली. भिंतीवरच्या फळ्यावर त्यांच्या सगळ्या ओळी लिहिल्या होत्या, सगळ्यात वर माझी. कुठल्याच गिऱ्हाइकाचं इतकं उघडलं गेलं नाही, म्हणाला. मग त्याने कंप्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला आणि एका पत्त्यावर बोट ठेवलं. “या एका बाई बघा मॅडम. अकरा वेळा उघडलंय.”

मी पत्ता वाचला. माझ्या दुकानाच्या अर्जावर काकूंनीच तो लिहून दिला होता. आईबद्दलचं काहीतरी त्यात कुठेतरी असेल म्हणून ती मुलगी अकरा वेळा आत गेली होती, आणि तिथे तिला दर वेळी चकलीचा फोटो दिसला होता. बिलात अकराच्या अकरा धरलेल्या होत्या. करारात ते बसत होतं, करार माझाच होता. मी तेवढे पैसे टेबलावर ठेवले. घासाघीस न करता दिलेलं ते माझं पहिलं बिल. त्याने मला पुढच्या वर्षासाठी सवलत देऊ केली.

त्यानंतर ओळ मी स्वतः लिहिते. खोक्यात काय आहे आणि शेवटची तारीख. कमी लोक उघडतात.

पुढच्या दिवाळीला मी काकूंना कॅलिफोर्नियाच्या पत्त्यावर खोकं पाठवलं, माझ्याकडून. मधोमध काय ठेवावं कळेना, शेवटी त्यांनी शिकवलेल्या भाजणीची पिशवी ठेवली. महिन्याने दुकानाला एक ईमेल आलं. त्या तिकडे कंप्युटर शिकल्या असाव्यात. वरच्या ओळीत लिहिलं होतं: ‘फराळ पोचला. चकली मऊ पडली आहे.’

मी उघडलं. आत काही नव्हतं. संध्याकाळी दुकान बंद करताना पुन्हा एकदा उघडून पाहिलं.